खानदेशची माउली : कवयित्री बहिणाबाई चौधरी

आपल्या गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य श्रींच्या कृपेने आणि ग्रामस्थ, माहेरवाशिणी व उदार देणगीदार यांच्या सहकार्याने सिद्धीस गेले. या स्मरणिकेच्या पानांवर देणगीदारांची नावे आदरपूर्वक छापली आहेत आणि ते सर्वथा उचितच आहे. परंतु मंदिर काही केवळ दगड, सिमेंट आणि कळस यांच्या आधारावर उभे राहत नाही. तिन्हीसांजेला देवापुढे सांजवात लावणारी, सुगीच्या दिवसांत धान्याची पहिली ओंजळ देवाच्या नावाने बाजूला काढणारी, नातवाला मांडीवर घेऊन हात जोडायला शिकवणारी आजी घराघरांत होती, म्हणून मंदिर उभे राहिले. तिचे नाव कोणत्याही शिलेवर कोरलेले नाही. तिने ते कधी मागितलेही नाही.

अशा अगणित आज्यांपैकी एकीचे नाव मात्र दैवयोगाने साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. ती म्हणजे आपल्या खानदेशची बहिणाबाई. शाळेचे तोंड न पाहिलेली, अक्षर न गिरवलेली ही शेतकरीण मराठी भाषेची थोर कवयित्री ठरली. त्यांची गाणी आपण सर्वांनी ऐकली आहेत. आजच्या मंगल प्रसंगी त्या गाण्यांमागचा संसार, त्या संसारातले दुःख आणि त्या दुःखातूनही न आटलेली कृतज्ञता यांचे स्मरण करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माहेर आणि सासर

जळगावपासून थोड्याच अंतरावर असोदे हे गाव आहे. तेथील महाजनांच्या घरी १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी बहिणाबाईंचा जन्म झाला. वडिलांचे नाव उखाजी आणि आईचे भिमाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ; अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. असे हे भरले घर होते. त्या काळी खेड्यातल्या मुलीला शाळा कुठली? गुरांचा गोठा, शेताचा बांध, विहीर आणि जाते हीच तिची पाठशाळा. लिहिता-वाचता येत नसले तरी डोळे आणि कान मात्र विलक्षण जागे होते. पुढे त्यांनी आपल्या गाण्यात सरस्वतीला आई म्हटले आहे आणि आपल्याला बोलायला तिनेच शिकवले, असे कृतज्ञतेने सांगितले आहे. पाटी-पुस्तक लाभले नाही याची तक्रार त्या गाण्यात कोठेही नाही. जे लाभले त्याचे ऋण तेवढे त्यात आहे.

वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात सून म्हणून आल्या. मोठे शेतकरी कुटुंब, माणसांचा राबता, गुरेढोरे, दळण-कांडण आणि शेतीची कामे. पहाटे जात्यापाशी बसायचे आणि दिवस मावळेपर्यंत कामाला खंड नाही, असा त्या काळच्या सुनेचा दिनक्रम होता. असोदे जवळच, परंतु सासुरवाशिणीला माहेर जवळ असूनही दूर असते. माहेरच्या वाटेवरचे ऊन, पायांना बसणारे चटके आणि तरीही पुढे ओढ घेणारे मन यांवर त्यांनी रचलेले गाणे ऐकताना आजही आयाबायांचे डोळे पाणावतात.

माहेराविषयीच्या त्यांच्या दुसऱ्या एका गाण्यात एक योगी आणि एक सासुरवाशीण यांचा संवाद आहे. माहेराचे एवढे गुणगान करतेस, मग सासरी आलीस कशाला, असे योगी विचारतो. उद्या आपल्या मुलीला यायला माहेर हवे, म्हणून आई आपले सासर जपते, हे ती साधी बाई त्या विरक्ताला समजावून देते. संसार टाकून ज्ञान शोधणाऱ्याला संसारातल्या बाईने दिलेला हा धडा मोठ्या प्रवचनालाही मिळणार नाही.

दुःखाचे दिवस

बहिणाबाईंच्या तरुणपणीचा काळ मोठा खडतर होता. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ खानदेशाने भोगला. जुनी माणसे त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढे मुलखभर पसरला. गावेच्या गावे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहू लागली. या प्लेगाने बहिणाबाईंच्या घरालाही सोडले नाही. त्यांचा मुलगा ओंकार याला त्या दुखण्याने कायमचे अपंगत्व आले.

त्यांना ओंकार आणि सोपान असे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी. सोपानचा जन्म १९०७ चा. तो अगदी लहान असतानाच नथूजींचे निधन झाले. बहिणाबाईंचे वय तेव्हा जेमतेम तीस होते. पदरात तीन लेकरे, त्यांतले एक अपंग, आणि घराची घडी विस्कटलेली. त्या काळात विधवेच्या वाट्याला काय येत असे, हे वडीलधाऱ्यांना वेगळे सांगायला नको. आर्थिक ओढाताण आली, कष्ट वाढले. आजवर मोठ्या कुटुंबाच्या सावलीत असलेली बाई उघड्या उन्हात आली.

येथेच बहिणाबाईंच्या श्रद्धेची खरी परीक्षा झाली. अशा प्रसंगी माणूस एक तर देवाला दोष देतो, नाही तर नवससायास आणि पत्रिका-पंचांग यांच्या मागे लागतो. बहिणाबाईंनी दोन्ही केले नाही. हात पाहायला आलेल्या ज्योतिषाला दारातूनच परत पाठवणारे त्यांचे गाणे प्रसिद्ध आहे. कपाळीचे कुंकू पुसले गेले, तरी मनगटातले बळ शाबूत आहे, आणि आपले नशीब आपल्या कष्टांत आहे, हा त्या गाण्याचा भाव आहे. देवावर नितांत भक्ती असलेल्या या बाईने दैववादाला मात्र घरात थारा दिला नाही. देवाने हात दिले ते कपाळाला लावून बसण्यासाठी नव्हेत, कामाला लावण्यासाठी, ही त्यांची भक्ती होती.

त्यांनी रडूच नये असे मात्र झाले नाही. वैधव्याचे दुःख त्यांच्या गाण्यांत आहे आणि ते काळीज चिरत जाते. पण रडून झाल्यावर डोळे पुसून त्या पुन्हा जात्यापाशी बसल्या, एवढेच म्हणावयाचे आहे. लेकरांना पाहायचे होते आणि दळण थांबणारे नव्हते.

वर्षाचे बारा महिने, देवाचे बारा महिने

बहिणाबाईंची पूजा देवघरात सुरू होत असेल, पण ती तेथे संपत नसे. शेतकऱ्याच्या वर्षाबरोबर त्यांची भक्तीही ऋतू पालटत असे. त्यांची गाणी क्रमाने मांडली, तर चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे एक पंचांगच तयार होते.

चैत्र पाडव्याला गुढी. घर झाडून, सारवून, मनातली अढी टाकून नव्या वर्षाला सामोरे जायचे, हे त्या आपल्या गाण्यातून सांगतात. मग वैशाखात आखाजी. खानदेशातल्या लेकीबाळींना आखाजीचे महत्त्व दिवाळीपेक्षा उणे नाही. सासरच्या कामातून सुटून मुली माहेरी येतात, लिंबाच्या झाडाला झोके बांधले जातात, गाणी म्हटली जातात. घरात पितरांच्या नावाने घागर भरली जाते आणि तिच्यावर डांगर किंवा आंबा ठेवला जातो. सालदाराचे सालही याच दिवशी संपते आणि नवे सुरू होते. जुन्या घेण्यादेण्याचा निवाडा, गेलेल्या माणसांचे स्मरण आणि आलेल्या लेकीचे कौतुक असे तिन्ही एकाच सणात येते. बहिणाबाईंनी आखाजीवर गाणे रचले त्यात झोक्याचा आनंद तर आहेच, पण हे चार दिवस सरणार आणि पुन्हा सासरची वाट धरावी लागणार, ही रुखरुखही आहे.

मृगाचा पाऊस पडला की काळ्या जमिनीचा वास सुटतो. तिफणी बाहेर निघतात. पेरणी झाल्यावर घरातली म्हातारी माणसे आभाळाकडे पाहत बसतात. बहिणाबाई मात्र जमिनीकडे पाहत असत. मातीच्या उदरात निजलेले बी त्यांना आईच्या पोटातल्या बाळासारखे दिसे. ते कसे जागे होते, कसे वर डोकावते, याचे वर्णन त्यांनी केले आहे. वाऱ्यावर डोलणारी कोवळी पाने त्यांना देवाच्या भजनात रंगून टाळ्या वाजवणारी भाविक मंडळी वाटली. आषाढी वारीसाठी मुक्ताईची पालखी आपल्या भागातून पंढरपूरच्या वाटेला लागते. सर्वांनाच वारी घडत नाही. कुणाची पेरणी अडलेली असते, कुणाच्या घरी आजारी माणूस असते. अशांनी मनात खंत धरू नये. आपल्या बांधावरही भजन चालू आहे, हे बहिणाबाईंनी दाखवून दिले.

श्रावणाच्या अखेरीस पोळा. बैलांना न्हाऊ घालायचे, शिंगे रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळीचा घास भरवायचा. बहिणाबाईंचे पोळ्याचे गाणे मात्र एवढ्यावर थांबत नाही. वर्षभर मारझोड करून एक दिवस ओवाळल्याने बैलाचे ऋण फिटत नाही, त्याला दुखवू नका, त्याच्या उपकारांची आठवण ठेवा, असे त्या शेतकऱ्याला बजावतात. मुक्या जनावराचे देणे लागतो ही जाणीव ज्या घरात आहे, त्या घरात देवाला वेगळे बोलवावे लागत नाही.

भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. पाठोपाठ सुगी येते. ज्वारीची कापणी, खळे, मळणी आणि मग उपणणी. उपणणीला वारा हवा. वारा पडला की सारी माणसे तिवईवर ताटकळत उभी. अशा वेळी बहिणाबाई वाऱ्याला मारुतीचा बाप म्हणून नात्याने हाक मारतात. जगात त्यांना परका कोणी नव्हताच. वारा हा मारुतीच्या घरचा, सुगरण पक्षीण ही आपल्यासारखीच लेकुरवाळी, आणि जमीन तर साक्षात आई.

कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. १८७२ पासून ही परंपरा चालत आली आहे. बहिणाबाईंच्या सासरचे गाव ते हेच. थंडी पडली की शेताशेतांतून वांग्याच्या भरिताचा धूर निघतो, कपाशी फुटते आणि वेचणीला बायांच्या रांगा लागतात. त्या काळी विहिरीवर मोटा चालू असत. विहिरीवरच्या दोन मोटांकडे पाहूनही त्यांना सुचले ते असे की, मोटा वेगळ्या असल्या तरी पाणी एकच असते. आज आपल्या मंदिराच्या कामात निरनिराळ्या आळ्यांनी आणि निरनिराळ्या समाजांनी हात लावला. त्या सर्वांनी हा दृष्टांत लक्षात ठेवण्यासारखा आहे.

जात्यावरचे तत्त्वज्ञान

आजीच्या तोंडी देव असतो, तसा विनोदही असतो. बहिणाबाईंच्या ठायी तो भरपूर होता. साध्या शब्दांकडे त्या अशा काही पाहत की ऐकणारा चकित व्हावा. ज्यातून पीठ येते त्याला जाते हे नाव कसे शोभेल, असा प्रश्न त्यांनाच पडू जाणे. मनासारख्या अवघड विषयावर शास्त्रीपंडितांनी ग्रंथ लिहिले. बहिणाबाईंना मन हे उभ्या पिकात शिरणारे ओढाळ गुरू वाटले. कितीही हाकला, पुन्हा पिकावर येते. ज्याने रात्री उठून पिकातून गुरे हाकलली आहेत, त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

सोपान शाळेत जाऊ लागला तेव्हाची एक गोष्ट सांगतात. त्याने पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची कथा आईला वाचून दाखवली. माउलीने ती मन लावून ऐकली आणि दुसऱ्या दिवशी त्या कथेचे गाणे करून म्हटले. मुलगा वाचतो, आई ऐकते आणि दुसऱ्या दिवशी तीच त्याला शिकवते, असे ते घर होते. पुढे तोच सोपान कवी सोपानदेव चौधरी म्हणून महाराष्ट्रात मान्यता पावला. अपंग मुलाला सांभाळून, शेती करून, विधवेने दुसऱ्या मुलाला शिकवले. तिच्या कष्टांची ती पावती होती.

हरवता हरवता वाचलेले धन

बहिणाबाईंनी गाणी रचली ती कुणाला दाखवण्यासाठी नव्हेत. हात कामात असत आणि गाणे ओठांवर येई. दळणाबरोबर गाणे सुरू व्हायचे आणि दळणाबरोबर संपायचे. कित्येक गाणी अशी वाऱ्यावर गेली, ती कायमचीच. सोपानदेव आणि त्यांचे भाऊबंद पीतांबर चौधरी यांनी जमेल तशी काही उतरवून ठेवली, म्हणून तेवढी राहिली.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी बहिणाबाईंनी देह ठेवला. त्यांच्या हयातीत त्यांचे एकही पुस्तक निघाले नाही. आईची गाणी लोकांपुढे न्यावीत की नाही, याचा सोपानदेवांना संकोच होता. खेडवळ बोलीतली ही घरगुती गाणी शहरातल्या विद्वानांना कशी वाटतील, ही शंका मनात असावी. अखेर त्यांनी ती वही आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखवली. अत्रे ती वाचून थक्क झाले. हे धन झाकून ठेवणे योग्य नव्हे असे त्यांनी निक्षून सांगितले आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटातून ती गाणी घरोघरी पोहोचली. पुढे ती शाळेच्या पुस्तकांत आली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिच्या नावाची पदवी घेऊन आज हजारो मुले-मुली बाहेर पडतात. याहून मोठा चमत्कार तो कोणता?

तरीही एक गोष्ट मनाला लागून राहते. सोपानदेवांसारखा मुलगा पोटी होता, म्हणून बहिणाबाई आपल्याला कळल्या. ज्यांच्या घरी लिहून घेणारे कोणी नव्हते, अशा किती जणी जात्यापाशी गात गात निघून गेल्या असतील! आपल्याच गावात आज घरातल्या कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या आजीला आखाजीची, भुलाबाईची, जात्यावरची पन्नास गाणी पाठ असतील. तिच्या नातवंडांना त्यांतले एकही येत नसेल. मंदिराच्या भिंतीला तडा गेला तो आपणा सर्वांना दिसला, म्हणून वर्गणी झाली आणि जीर्णोद्धार झाला. आजीच्या आठवणीतल्या गाण्याला तडा जातो, तो कुणाला दिसत नाही.

म्हणून एक नम्र विनंती आहे. कळसारोहणाच्या या आनंदात प्रत्येक घराने एक संकल्प करावा. आपल्या आजीपाशी एक संध्याकाळ बसावे. तिला गाणे म्हणायला सांगावे आणि ते वहीत उतरवून घ्यावे. आता तर हातातल्या फोनवर तिचा आवाजही जपून ठेवता येतो. सोपानदेवांपाशी तेवढीही सोय नव्हती. या देणगीला पावती मिळणार नाही, पण पुढच्या पिढ्यांना ती पुरून उरेल.

बहिणाबाईंच्या आयुष्यात सुखापेक्षा दुःखाचेच माप जड होते. तरीही पेरलेले उगवले याचे, वारा आला याचे, लेक माहेरी आली याचे, बैल राबला याचे त्यांनी मनापासून आभार मानले. गाभाऱ्यातल्या मूर्तीसमोर हात जोडताना आपणही घडीभर तेवढे आठवावे. शेतात, गोठ्यात आणि चुलीपुढे देव पाहणाऱ्या त्या माउलीच्या, आणि तिच्यासारख्याच आपल्या गावच्या सर्व ज्ञात-अज्ञात आज्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.